टूरच्या पोस्टरवर आपलं शहर का नसतं?

नवीन अल्बमची घोषणा झाली की मागोमाग टूरचं पोस्टर येतंच. वर गायिकेचा मोठा फोटो, खाली बारीक अक्षरात शहरं आणि तारखांची लांबलचक माळ, आणि जगभरातले फॅन त्या माळेवरून बोट फिरवत आपलं शहर शोधत बसतात. नाही सापडलं की सुरू, लंडनला आठ आठ रात्री आणि आमच्या अख्ख्या देशाला एक पण नाही, आम्ही काय पाप केलंय वगैरे. मीपण केलंय हे, खोटं कशाला बोलू. पण नंतर यावर वाचत गेले, टूरवाल्या लोकांच्या मुलाखती ऐकल्या, तेव्हा कळलं की त्या माळेत गायिकेच्या आवडीनिवडीचा भाग फार थोडा असतो, ते एका रुक्ष हिशोबाचं उत्तर असतं. आणि त्या हिशोबात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट स्टेज नाही, लाइट नाहीत, डान्सर नाहीत. टोचतो तो रिकामा दिवस.

टूरचं मीटर टॅक्सीसारखं असतं, गाडी सिग्नलला उभी असली तरी पडत राहतं. साउंडवाले, लाइटवाले, रिगर म्हणजे उंचावर चढून सगळं टांगणारे, कपडे सांभाळणारे, डान्सर, ड्रायव्हर, स्वयंपाकी, फिजिओ, सिक्युरिटी, या सगळ्यांचा पगार आणि रोजचा भत्ता आणि हॉटेलच्या खोल्या. साउंड-लाइटचं सामान बहुतेक वेळा गायिकेच्या मालकीचं नसतंच, कंपन्यांकडून भाड्याने आणलेलं असतं, ट्रक आणि बसपण भाड्याच्या. हे सगळं शो असला तरी द्यायचं, नसला तरी द्यायचं. तिकिटाचे पैसे मात्र फक्त शोच्या रात्री. यू टू हा आयरिश बँड २००९ मध्ये नवा अल्बम घेऊन '३६० डिग्री' टूरला निघाला होता, तेव्हा त्यांच्या मॅनेजरने, पॉल मॅकगिनेसने, उघडच सांगितलं होतं की वाजवा नाहीतर नका वाजवू, दिवसाला साधारण साडेसात लाख डॉलर जातातच. दिवसाला! हा आकडा एकदा डोक्यात बसला की टूरचं पोस्टर वेगळंच दिसायला लागतं.

मग या रिकाम्या दिवसांना कापायचं कसं? पहिला उपाय म्हणजे शहरं एका रेषेत लावायची. याला ते लोक राउटिंग म्हणतात. आज इथे शो, रात्री सामान ट्रकमध्ये, सकाळी पुढच्या गावात. पण ट्रक चालवणारा माणूस आहे, मशीन नाही. युरोपात नियमच आहे की ड्रायव्हरने दिवसात ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा फार तर १०, आणि हे गाडीतलं यंत्र नोंदवत असतं त्यामुळे थापा मारून चालत नाही. अवजड ट्रकचा वेग धरला तर एका रात्रीत सातशेच्या आसपास किलोमीटर, त्याच्या पलीकडचं शहर असेल तर दोन ड्रायव्हर ठेवा नाहीतर एक दिवस वाया घालवा. म्हणजे तुमचं शहर कितीही मोठं असू दे, फॅन कितीही असू देत, आधीच्या आणि नंतरच्या शहरापासून ते एका रात्रीच्या टप्प्यात नसेल तर त्याच्यामागे दोन रिकामे दिवस चिकटतात आणि तिकडेच त्याचं नाव कट होतं.

गंमत म्हणजे रिकामे दिवस अजिबात नकोत असंही नाही. गायिकेचा गळा रोज दोन-अडीच तास नाही ताणता येत, दोनतीन रात्रींनंतर विश्रांती लागतेच. त्यामुळे चांगला राउटिंगवाला तोच जो गळ्याची सुट्टी आणि ट्रकचा लांबचा प्रवास एकाच दिवशी बसवतो. दोन खर्च एका दिवसात मारले. आणि दोन महिन्यांची मोठी सुट्टी हा वेगळा प्रकार, तेव्हा बरंच सामान परत करता येतं, बरेच पगार थांबतात किंवा कमी होतात. टोचतात ते मधले सुटे सुटे दिवस.

आता अरीना आणि स्टेडियम यातला फरक बघू, कारण बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं, एक लहान एक मोठं एवढंच. तसं नाहीये. अरीनाला पक्कं छप्पर असतं आणि ते छप्पर टनावारी वजन पेलायला बांधलेलं असतं, त्यामुळे सकाळी ट्रक लागले की रिगर वर साखळ्या सोडतात, लाइट आणि स्पीकर टांगतात, संध्याकाळी दारं उघडतात, रात्री शो संपला की काही तासांत सगळं परत ट्रकमध्ये. एका दिवसात खेळ खलास. बहुतेक स्टेडियममध्ये टांगायला काहीच नाही, वर आभाळ. म्हणजे आधी लोखंडाची इमारत उभी करा, मग तिच्यावर स्टेज, आणि याला दिवसच्या दिवस जातात. मग रोज शो कसे करणार? तर लोखंडाचे एकापेक्षा जास्त संच ठेवतात. यू टूचं ते चार पायांचं स्टेज, ज्याला सगळे 'क्लॉ' म्हणजे पंजा म्हणायचे, त्याची उंची ५० मीटर होती आणि त्याचे तीन संच होते. एका शहरात पंजाखाली बँड गातोय, पुढच्या शहरात दुसरा पंजा चढतोय, मागच्या शहरात तिसरा उतरतोय, बेडूकउड्या मारत सगळं पुढे सरकतं. एका संचाला ३७ ट्रक लागायचे म्हणे. आणि जे एकच असतं, म्हणजे साउंड, लाइट, पडदे, वाद्यं, ते प्रत्येक शोनंतर नव्या सांगाड्यावर जाऊन चढतं. त्या टूरने ११० शोमध्ये ७३ कोटी ६० लाख डॉलरची तिकिटं विकली, तेव्हाचा जगातला विक्रम. आणि पुढे तो मोडला कोणी, तर ब्रिटिश गायक एड शीरनने, जो तेव्हा स्टेजवर बँडशिवाय, एक गिटार आणि पायाखाली लूप पेडल घेऊन उभा राहायचा. गातो एक ओळ, पेडल दाबतो, ती फिरत राहते, तिच्यावर दुसरी चढवतो. त्याच्या २०१७ ते २०१९ च्या टूरची विक्री ७७ कोटींच्या पुढे गेली. त्यात खर्च जाऊन हातात किती उरलं असेल याचा विचार केला की मला पंजावाल्यांची थोडी दयाच येते.

तर स्टेडियममध्ये एवढं लोखंड एकदा उभं केलं की दुसऱ्या रात्रीचा शो जवळजवळ फुकटात पडतो. ट्रक हलत नाही, क्रेन लागत नाही, क्रू रात्री झोपतो. तिसरी रात्र अजून स्वस्त. म्हणून लंडनला आठ रात्री! टेलर स्विफ्टने २०२४ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये आठ शो केले आणि तिच्या 'इराज' टूरचा एकूण हिशोब बघितला तर १४९ शो, पण शहरं फक्त ५१. एकूण तिकीटविक्री २०० कोटी डॉलरच्या वर. सिंगापूरला मार्च २०२४ मध्ये सहा रात्री केल्या आणि आग्नेय आशियात दुसरीकडे कुठेच नाही, यावरून केवढं राजकारण झालं. थायलंडच्या पंतप्रधानांनी जाहीरपणे म्हटलं की सिंगापूर सरकारने दुसरीकडे शो न करण्याच्या अटीवर पैसे दिलेत, आणि सिंगापूरच्या पंतप्रधानांनीही काही प्रोत्साहनपर रक्कम दिल्याचं मान्य केलं, फक्त यात शेजाऱ्यांशी वैर वगैरे काही नाही असं सांगितलं. एका पॉप गायिकेच्या तारखांवरून दोन पंतप्रधान बोलतायत. पण सिंगापूरचं गणित सरळ होतं, शेजारचे फॅन विमानाने येणार, हॉटेलात राहणार, खाणार-पिणार. असं होतं हे खरंच आहे, मे २०२३ मध्ये बियॉन्सेने तिची टूर स्टॉकहोममधून सुरू केली तेव्हा हॉटेलचे दर एवढे चढले की डान्स्के बँकेच्या अर्थतज्ज्ञाने स्वीडनच्या त्या महिन्याच्या महागाईतला थोडा वाटा तिच्या नावावर टाकला होता.

याचंच टोक म्हणजे टूरच नको, एका जागी बसायचं आणि लोकांनी यायचं. अडेलने ऑगस्ट २०२४ मध्ये म्युनिकमध्ये खास तेवढ्यासाठी बांधलेल्या मैदानात दहा शो केले. गायिकेचे रिकामे दिवस वाचले, पण प्रवासाचा खर्च गेला कोणाच्या खिशातून? आपल्याच.

बरं, हे सगळं ठरतं कधी? इथे मला सगळ्यात जास्त धक्का बसला होता. मला वाटायचं अल्बम येतो, गाजतो, मग म्हणतात चला आता टूर काढू. उलट असतं बऱ्याचदा. मोठ्या स्टेडियमच्या तारखा वर्षभर, दीड वर्ष आधी धरून ठेवाव्या लागतात, याला होल्ड म्हणतात, म्हणजे पक्कं बुकिंग नाही पण रुमाल टाकून ठेवलाय. एकाच तारखेवर दोघातिघांचे रुमाल असू शकतात, पहिला होल्ड, दुसरा होल्ड, आणि दुसरा म्हणाला मी आत्ता पैसे भरतो तर पहिल्याला ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही सांगावं लागतं. त्यात युरोपात स्टेडियम म्हणजे फुटबॉल, सीझन मेमध्ये संपणार, ऑगस्टमध्ये परत सुरू, मधल्या तेवढ्या फटीत सगळ्या गायकांची गर्दी. म्हणजे तारखा उन्हाळ्याच्या ठरल्या, मग तिकीटविक्री त्याच्या कित्येक महिने आधी, मग त्या विक्रीच्या आसपास अल्बम यायला पाहिजे, आणि गायिका अजून स्टुडिओत बसून चौथ्या गाण्याची चाल बदलतेय. अल्बम लांबला तर सगळी पत्त्यांची इमारत हलते.

अल्बम आणि टूर यांची ही गाठ नक्की कशी आहे ते जरा सविस्तर सांगते, कारण "अल्बमच्या प्रमोशनसाठी टूर" हे वाक्य आपण सहज बोलून जातो. पूर्वी ते शब्दशः खरं होतं, पैसा रेकॉर्ड-सीडीत होता, टूर ही जाहिरात, तोट्यात गेली तरी कंपनी सोसायची. मग १९९९ मध्ये इंटरनेटवर एकमेकांना गाणी देणारं नॅप्स्टर आलं, लोक गाणी फुकट उतरवायला लागले, सीडी पडली. डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाने २००२ मध्येच सांगून टाकलं होतं की संगीत आता नळाच्या पाण्यासारखं होणार, तेव्हा गायकांनो भरपूर टूर करायची तयारी ठेवा. मग काय, जाहिरात होती तिचाच धंदा झाला. २००७ मध्ये मॅडोनाने रेकॉर्ड कंपनी सोडून थेट लाइव्ह नेशन या कॉन्सर्ट भरवणाऱ्या कंपनीशी करार केला, अल्बम, टूर, टी-शर्ट सगळं एकाच छत्राखाली.

पण अल्बमला अजून एक गोष्ट हवी असते, चार्टवरचा, म्हणजे खपाच्या यादीतला, पहिला नंबर, आणि तिथे टूर फार कामी येते. २००४ मध्ये प्रिन्स या अमेरिकन गायकाने काय केलं, कॉन्सर्टला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नव्या अल्बमची सीडी ठेवली, तिची किंमत तिकिटातच धरलेली, आणि त्या सगळ्या सीड्या विक्री म्हणून मोजल्या गेल्या. अमेरिकेतले हे चार्ट काढणाऱ्या बिलबोर्ड मासिकाने मग नियम बदलला की सीडी घ्यायची की नाही हे गिऱ्हाइकाला निवडता आलं पाहिजे. तर इंडस्ट्रीने त्यातूनही वाट काढली, तिकिटासोबत अल्बमचा कोड, एक क्लिक करा की तुमचा अल्बम 'विकला'. त्यामुळे असं दिसायला लागलं की अल्बम पहिल्या आठवड्यात एक नंबरला आणि दुसऱ्या आठवड्यात धाडकन खाली, कारण ती तिकिटांचीच सूज होती. शेवटी २०२० मध्ये बिलबोर्डने तिकीट आणि अल्बमची जोडगोळी मोजणंच बंद केलं. आता काय करतात? आता अल्बम आधी बुक करा, मग तिकिटाच्या प्रीसेलचा, म्हणजे सगळ्यांच्या आधी होणाऱ्या विक्रीचा, कोड मिळेल. अल्बम स्वतंत्र विकला गेलाय, नियम कुठेही मोडलेला नाही. तोच अल्बम सीडी, कॅसेट नि तीन रंगांच्या व्हायनलमध्ये घेऊन बसलेले लोक मी बघितलेत, घरात रेकॉर्ड प्लेअर नाही.

पैशाची वाटणी थोडक्यात सांगते. शो भरवतो तो प्रमोटर, तो गायिकेला एक ठरलेली रक्कम कबूल करतो, गॅरंटी, आणि वर अट अशी की खर्च वजा जाता जे उरेल त्याचा मोठा टक्का गॅरंटीपेक्षा जास्त भरला तर तो द्यायचा. समजा (आकडे माझे, फक्त हिशोब कळावा म्हणून) तिकिटांचे ३० लाख डॉलर आले, भाडं, स्थानिक मजूर, सिक्युरिटी, जाहिरात मिळून १२ लाख गेले, उरले १८. गायिकेचा वाटा ८५ टक्के धरला तर तिचे १५ लाख ३० हजार, प्रमोटरचे २ लाख ७०. गॅरंटी १० लाखांची असेल तर तिला १५.३ मिळणार. आणि तिकिटं खपलीच नाहीत तर? तरी तिचे १० लाख पक्के, बुडणार प्रमोटर. हा हिशोब कधी होतो माहितीये का, त्याच रात्री. तिकडे स्टेजवर शेवटची गाणी चालू, लोक बेभान, आणि मागे एका खिडकी नसलेल्या खोलीत टूरचा अकाउंटंट आणि प्रमोटरचा माणूस पावत्यांचा गठ्ठा घेऊन बसलेले, टॉवेलचं बिल एवढं कसं, फोर्कलिफ्ट दोनच होते मग तीनचं भाडं का लावलं, असं एकेक ओळ भांडत.

आणि ते १५.३ लाख म्हणजे गायिकेचे नव्हेत हां. त्यातून ट्रक, क्रू, डान्सर, स्टेज, मग एजंटचे साधारण १० टक्के, मॅनेजरचे १५-२० टक्के. मग टॅक्स. कलाकार आणि खेळाडूंच्या बाबतीत बहुतेक देशांचा नियम असा की जिथे गायलात तिथेच कर भरा, अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या रकमेतून ३० टक्के आधीच कापतात, ब्रिटनमध्ये २०. लेडी गागाने नंतर सांगितलं होतं की 'मॉन्स्टर बॉल' टूरचा पहिला वाढीव टप्पा संपला तेव्हा ती तीस लाख डॉलरच्या कर्जात होती आणि तिला पत्ताच नव्हता, कारण शो तर फुल्ल चाललेले. सगळं स्टेजवर घातलं होतं.

सीमा ओलांडायची भानगड वेगळीच. सामान विकायला नाही, परत न्यायला आणलंय हे कस्टम्सला पटवायला 'कार्ने' नावाची कागदपत्रं लागतात, सामानाचा पासपोर्टच म्हणा ना. त्यात प्रत्येक नग लिहायचा, गिटार असेल तर सिरियल नंबर, वजन, किंमत, कुठल्या देशात बनली. एक वर्ष चालतं. अधिकाऱ्याने म्हटलं की सतरा नंबरची पेटी उघडा तर उघडायची, आणि यादीत चार मायक्रोफोन आणि पेटीत तीन निघाले की बसा. सगळे देश हे कार्ने मानतही नाहीत. ब्रेक्झिटनंतर तर ब्रिटिश ट्रकला युरोपात मोजकेच थांबे घेऊन परत यावं लागतं, त्यामुळे तिथल्या ट्रकवाल्यांनी युरोपात वेगळ्या कंपन्या काढून गाड्या तिकडे नोंदवल्या. आणि समुद्रापलीकडे जायचं तर विमान महाग आणि जहाज हळू, म्हणून मग जड सामान तिकडेच भाड्याने घ्यायचं आणि मोजक्याच तारखा करायच्या. लांबच्या खंडांना टूरमध्ये तुकडाच का येतो, तर यामुळे.

शोमध्ये रोज तीच गाणी त्याच क्रमाने का, ही पण लोकांची तक्रार असते. प्रत्येक गाण्याला टाइमकोड बांधलेला असतो, म्हणजे एक अदृश्य घड्याळ, त्या घड्याळावर लाइट, पडद्यावरचे व्हिडिओ, धूर सगळं चालतं, आणि वाजवणाऱ्यांच्या कानात टिकटिक चालू असते. एक गाणं बदलायचं म्हणजे पाच डिपार्टमेंटचं काम, आणि तालमीला दिवस कुठून आणणार? स्विफ्टचा नवा अल्बम एप्रिल २०२४ मध्ये आला, तेव्हा त्याची गाणी शोमध्ये आली मे महिन्यात पॅरिसला, मधल्या दोन महिन्यांच्या सुट्टीत सगळं नव्याने बांधून. रोजचा बदल मात्र तिने गिटार आणि पियानोवरच्या दोन 'सरप्राइज' गाण्यांपुरता ठेवला, त्याला कुठलं घड्याळ लागत नाही. दुआ लिपा पण तिच्या २०२४-२५ च्या टूरमध्ये बऱ्याच गावांत तिथल्याच कलाकाराचं एखादं गाणं म्हणायची. लोक वेडे झाले त्याने, आणि बाकीचा शो जागचा हलला नाही.

आणि सगळ्यात वाईट रिकामा दिवस म्हणजे रद्द झालेला शो, खर्च सगळा झालेला आणि तिकिटाचे पैसे परत. फेब्रुवारी २०१३ मध्ये लेडी गागाच्या खुब्याच्या सांध्याला दुखापत झाली आणि 'बॉर्न धिस वे बॉल'चे उरलेले सगळे शो रद्द. ऑगस्ट २०२४ मध्ये हल्ल्याचा कट उघडकीला आल्यावर व्हिएन्नातले स्विफ्टचे तिन्ही शो गेले. यासाठी विमा काढतात, पण त्यात कुठलं कारण बसतं आणि कुठलं नाही यावर वकिलांची घरं चालतात.

आता पुढच्या वेळी पोस्टर आलं की एक करून बघा. तारखांच्या मधली भोकं बघा. शुक्रवारी एका स्टेडियममध्ये शो आणि पुढचा शो थेट बुधवारी जवळच्याच शहरात, असं दिसलं तर शनिवार बहुतेक आधीच होल्डवर असतो. प्रीसेलला किती लाख लोक रांगेत लागलेत ते बघून, काही तासांतच, "प्रचंड मागणीमुळे आणखी एक शो" जाहीर होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी रांगेत तुमचा नंबर ऐंशी हजारावर असला तर फोन आपटू नका, टॅब उघडा ठेवा.